आग लागल्याचे सांगायचे कसे?

नव्या इमारतीत पाऊल टाकल्यावर छताकडे पाहण्याची सवय आपल्यापैकी फार थोड्यांना असते. नागपुरात मेट्रोच्या स्थानकात, एखाद्या मोठ्या रुग्णालयात किंवा मॉलमध्ये गेलात तर जरा वर पाहा. भिंतीवर छताच्या खाली हातभर अंतरावर लाल किंवा पांढऱ्या रंगाची एक डबी दिसेल. तिच्या पुढच्या भागावर जाळी असते आणि जाळीजवळ पारदर्शक काचेसारखा एक फुगीर तुकडा. जाळीमागे स्पीकर आहे आणि त्या तुकड्यामागे लखलखणारा दिवा, म्हणजे स्ट्रोब. आग लागली तर ही डबी बोलते आणि चमकते.

यात विशेष ते काय, असे वाटेल. आग लागली की घंटा वाजवायची आणि लोकांनी पळायचे, एवढी साधी गोष्ट. पण निव्वळ घंटेपासून या बोलणाऱ्या, चमकणाऱ्या डबीपर्यंत यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि या वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक टप्पा कुठल्यातरी मोठ्या दुर्घटनेनंतर आला. घंटा वाजली तरी लोक हलत नाहीत, ही गोष्ट तज्ज्ञांच्या गळी उतरायलाच यातला बराचसा काळ गेला. शिक्षकांशी या विषयाचा संबंध जवळचा आहे, कारण या हकिगतीत शाळा वारंवार येतात.

गिरणीपासून सुरुवात

नागपूरकरांना एम्प्रेस मिल नव्याने सांगायला नको. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. २००२ साली ती बंद पडली, पण कामगारांसाठीच्या सोयी आणि नव्या यंत्रांची हौस यांमुळे तिचे नाव औद्योगिक इतिहासात राहिले आहे. छतावरून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा आणि हवेत ओलावा राखणारी यंत्रे भारतात पहिल्यांदा याच गिरणीत बसवली गेली असे मानले जाते. कापसाच्या गिरणीला आगीचे भय मोठे. हवेत तरंगणारी सरकी-कापसाची धूळ एका ठिणगीने पेट घेते.

त्या काळच्या फवाऱ्यांची रचना विज्ञानशिक्षकाला आवडेल अशी आहे. पाण्याच्या नळाचे तोंड एका झाकणाने बंद केलेले असते आणि ते झाकण मिश्रधातूच्या डाकाने धरून ठेवलेले असते. बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियम यांचे ठरावीक प्रमाण घेतले तर होणारा मिश्रधातू सुमारे ७० अंश सेल्सियसला, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला वितळतो. छताखाली गरम हवा साठली की डाक वितळतो, झाकण उडते आणि पाणी सुटते. अशा यंत्रणांना पुढे एक जोड दिली गेली. नळातून पाणी वाहू लागले की त्याच्या जोराने एक लहान चक्र फिरते आणि इमारतीबाहेरच्या घंटेवर ठोके पडतात. ना वीज, ना पहारेकरी. आग स्वतःच स्वतःची घंटा वाजवते!

पण ही घंटा बाहेर वाजते. आत मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. कापड विणण्याच्या खात्यात आवाजाची पातळी शंभर डेसिबलच्या आसपास असते आणि तेथे वर्षानुवर्षे काम करणारे कामगार खुणांनीच बोलतात. घंटा त्यांच्यासाठी नव्हतीच मुळी. आग विझवायला कोणी यावे, माल आणि यंत्रे वाचावीत, यासाठी ती होती.

पहिल्या विद्युत यंत्रणेचेही तसेच. १८५२ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात विल्यम चॅनिंग या डॉक्टरने आणि मोझेस फार्मर या संशोधकाने आगीच्या सूचनेसाठी तारायंत्र उभारले. फार्मर काही काळ शाळाशिक्षक होते, हे या मासिकाच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. रस्त्यारस्त्यावर पेट्या होत्या. पेटीतला दांडा फिरवला की दातेरी चाक फिरे, विद्युत मंडल ठरावीक वेळा जोडले-तोडले जाई आणि त्या पेटीचा क्रमांक मध्यवर्ती कचेरीत उमटे. कल्पना सुंदर होती आणि जगभर तिचे अनुकरण झाले. परंतु आग कुठे लागली हे यात बंबवाल्यांना कळे. जळत्या घरातल्या माणसाला काय कळे? तर काहीच नाही.

सूचना बाहेरच्यांना द्यायची की आतल्यांना, हा फरक आज आपल्याला ढळढळीत दिसतो. तेव्हा तो दिसत नव्हता. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली तेव्हाही सूचनेचीच उणीव होती. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके आणि त्यांच्या जोडीला कापसाचे गठ्ठे होते. धोक्याचा माल असलेल्या जहाजावर लाल निशाण लावायचा प्रघात असे. या जहाजावर ते नव्हते. आसपासच्या जहाजांवरची आणि धक्क्यावरची माणसे आपापल्या कामात राहिली, काही तर आग पाहायला जमली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

या सेवेच्या अधिकाऱ्यांना देशपातळीवर शिकवणारी संस्था नागपुरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आले. देशभरातल्या अग्निशमन दलांचे अधिकारी येथे शिकून जातात आणि अग्नि अभियांत्रिकीची पदवीही येथे मिळते. आग विझवणे हा या विद्येचा एक भाग झाला. आग लागूच नये, आणि लागली तर आतल्या माणसांना वेळेवर बाहेर पडता यावे, हा दुसरा, आणि आमच्या मते अधिक अवघड भाग. विझवण्याचा संबंध पाण्याशी आणि रसायनांशी येतो, बाहेर काढण्याचा संबंध माणसांशी.

घंटेचे बटण कोणाच्या हातात?

महाविद्यालय नागपुरात आले त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत घडलेली एक घटना शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १ डिसेंबर १९५८. शिकागो शहरातील 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' ही मिशनरी शाळा. दुपारी शाळा सुटायला थोडाच वेळ उरला असताना तळघरात जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिंपातून आग सुरू झाली. ९२ मुले आणि तीन जोगिणी शिक्षिका मृत्युमुखी पडल्या.

शाळेत आगीची घंटा नव्हती का? होती. पण ती वाजवायची बटणे साऱ्या इमारतीत दोनच होती आणि तीही एकाच बाजूच्या भागात. दिव्यांच्या बटणांबरोबर, सहा फूट उंचीवर, कसलीही खूण नसलेली. घंटा अग्निशमन दलाला जोडलेली नव्हती. शिवाय नियम असा होता की घंटा वाजवण्याचा अधिकार फक्त मुख्याध्यापिकेचा. धूर दिसल्यावर एक शिक्षिका परवानगी घ्यायला मुख्याध्यापिकेच्या खोलीकडे धावली. खोली रिकामी. मुख्याध्यापिका त्या दिवशी आजारी शिक्षिकेच्या जागी दुसऱ्या वर्गावर तास घेत होत्या. शेवटी त्या शिक्षिकेने आपल्याच जबाबदारीवर वर्ग बाहेर काढला आणि नंतर घंटा वाजवली. तोपर्यंत वरच्या मजल्याच्या बोळात धूर भरला होता आणि तिथल्या मुलांना दाराने बाहेर पडता येत नव्हते.

या घटनेनंतर अमेरिकेतील हजारो शाळांची तपासणी झाली आणि नियम बदलले. घंटेचे बटण कोणालाही, परवानगीशिवाय, सहज हाताला येईल असे असावे, हे तत्त्व रूढ झाले. आज आपल्याकडेही जिन्याजवळ खांद्याच्या खालच्या उंचीवर लाल पेटी आणि 'काच फोडा' अशी पाटी असते ती याच विचारातून. आपल्या शाळांत या पेटीला पोरे हात लावतील म्हणून तिच्यापुढे कपाट सरकवलेले किंवा तिला कुलूपबंद जाळी बसवलेली आढळते. असे केल्यावर पेटी असून नसल्यासारखीच.

धूर दिसतो, तरीही

घंटा वेळेवर वाजली असे समजा. मग सगळे निघतात का? १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवले आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडला. खोलीत एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्क्यांनी बाहेर जाऊन धुराची खबर दिली. पण सोबत मुद्दाम पढवून आणलेले, धुराकडे दुर्लक्ष करून लिहीत राहणारे दोघे बसवले, तेव्हा दहापैकी एकच जण उठला! बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने वारत प्रश्नावली भरत राहिले. तिघेही अनभिज्ञ असलेल्या गटांतसुद्धा निम्म्याहून कमी गटांतून खबर आली. प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता. तो शांत, म्हणजे काही विशेष नसेल.

घंटेचेही असेच होते. घंटा एवढेच सांगते की काहीतरी आहे. काय आहे, कुठे आहे, आपण काय करायचे, हे ती सांगत नाही. मग माणूस इतरांचे चेहरे वाचतो आणि इतर त्याचा. शाळेतली गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. तास संपला की टोल, मधल्या सुट्टीचा टोल, शाळा सुटल्याचा टोल. त्याच टोलाने आगही सांगायची म्हटले तर मुलांना कळणार कसे? १९८७ साली एका आंतरराष्ट्रीय मानकाने इमारत सोडण्याच्या सूचनेला स्वतंत्र ठेका ठरवून दिला: अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असे तीनदा आणि मग दीड सेकंदाची विश्रांती. ठेका छान आहे. परंतु पुढे लोकांना तो ऐकवून हे काय असे विचारले तेव्हा फारच थोड्यांनी तो आगीचा इशारा म्हणून ओळखला. शिकवल्याशिवाय खूण कळत नाही, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

माणसाच्या आवाजाची ताकद एका दुर्घटनेत दिसली. २८ मे १९७७ रोजी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बेव्हर्ली हिल्स सपर क्लब या करमणूकगृहाला आग लागली. तेथे घंटाच नव्हती. मोठ्या सभागृहात कार्यक्रम चालू होता आणि हजारभर प्रेक्षकांना काहीच कल्पना नव्हती. वॉल्टर बेली नावाचा अठरा वर्षांचा नोकर रंगमंचावर चढला, ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत ते दाखवून लोकांना निघायला सांगितले. काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. तरी अनेक जण उठले आणि वाचले. १६५ माणसे दगावली. तो बोलला नसता तर हा आकडा कितीतरी मोठा झाला असता.

तरीसुद्धा 'आग' हा शब्द उच्चारला की लोक बिथरतील, चेंगराचेंगरी होईल, या भीतीने व्यवस्थापक लोक गप्प राहत आले. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकात ३१ जण मेले. स्थानकात ध्वनिक्षेपक यंत्रणा होती, ती वापरलीच गेली नाही. आपल्याकडे १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरच्या रोहित्रातून निघालेला धूर बाल्कनीत चढला आणि ५९ जण गुदमरून गेले. तेथेही प्रेक्षकांना सावध करणारी घोषणा झाली नाही, आणि जादा खुर्च्यांमुळे बाल्कनीतली एक वाट बंद झालेली होती.

ही भीती खरी की खोटी, हे तपासायला किंग्ज क्रॉसनंतर इंग्लंडमधल्या न्यूकासल शहराच्या एका भुयारी स्थानकात ग्विलेन प्रू आणि जोनाथन साइम यांनी प्रयोग केले. प्रवाशांना पूर्वकल्पना न देता पाच वेळा स्थानक रिकामे करून पाहिले. नुसती घंटा वाजवली तेव्हा पंधरा मिनिटांच्या सुमारासही काही लोक तेथेच होते. काय घडले आहे आणि कोणत्या वाटेने जायचे हे स्पष्ट सांगणारी घोषणा केली तेव्हा हेच काम सहा-सात मिनिटांत झाले. चेंगराचेंगरी कुठेच झाली नाही. लोकांना खरे सांगितले तर ते शहाण्यासारखे वागतात. व्यवस्थापकांच्या मनातली घबराट लोकांच्या घबराटीपेक्षा जास्त धोक्याची ठरत आली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बोलणारी डबी

अशा रीतीने घंटेच्या जागी, किंवा घंटेच्या जोडीला, स्पीकर आला. आधी काही सेकंद लक्ष वेधणारा सूर, मग घोषणा, मग पुन्हा सूर. नागपूरसारख्या शहरात घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत हवी. मोठ्या इमारतींत ती आधी ध्वनिमुद्रित करून ठेवतात, कारण त्या क्षणी माणसाचा आवाज कापतो.

स्पीकर बसवण्यातले विज्ञान मात्र घंटेपेक्षा बरेच नाजूक आहे. घंटा फक्त ऐकू यावी लागते, शब्द समजावा लागतो. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते. तीन मीटरवर ९० डेसिबल असेल तर सहा मीटरवर ८४, बारावर ७८ आणि चोवीसवर ७२. मध्ये बंद दार आले की आणखी वीसेक डेसिबल गेले. मग एकच मोठा कर्णा जोरात का वाजवू नये? कारण फरशी, भिंती आणि उंच छत असलेल्या सभागृहात त्याचा आवाज घुमतो आणि एका अक्षराची शेपटी दुसऱ्यावर पडते. बोलण्याचा अर्थ मुख्यतः व्यंजनांत असतो आणि ती दुबळी, क्षणभरच टिकणारी असतात. स्वर घुमत राहतात आणि व्यंजनांना गिळून टाकतात. लग्नाच्या कार्यालयात कर्ण्यावरून कोणाला हाक मारली हे कळत नाही ते यामुळेच. म्हणून जवळजवळ पुष्कळ लहान स्पीकर, प्रत्येक बेताच्या आवाजात, हा मार्ग धरतात.

पुष्कळ स्पीकर म्हणजे लांबच लांब तारा. तारेत ऊर्जा वाया जाते ती विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. मग प्रवाह कमी करायचा आणि दाब वाढवायचा. चंद्रपूरची वीज मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर नेताना पाच लाख व्होल्ट वापरतात, त्याच तत्त्वावर या स्पीकरच्या तारांत आवाजाचा संकेत १०० व्होल्टला नेतात आणि प्रत्येक डबीतल्या छोट्या रोहित्राने तो उतरवून घेतात. दहावीच्या वर्गात रोहित्र शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

भारतीय मानकानुसार आगीच्या इशाऱ्याची पातळी निदान ६५ डेसिबल किंवा आसपासच्या आवाजापेक्षा ५ डेसिबल जास्त, यांपैकी जे अधिक असेल ते, अशी हवी. येथे नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. पारा ४५ अंशांवर गेला की खोलीखोलीत वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचे कूलर घरघरू लागतात आणि खोलीत साठ डेसिबलच्या वर आवाज सहज असतो. दारे-खिडक्या झाकलेल्या. यंत्रणा तपासायला कंत्राटदाराचा माणूस आला तो डिसेंबरात, कूलर बंद असताना, तर आकडा कागदावर बरोबर उतरेल आणि मे महिन्यात घोषणा कोणाला ऐकू येणार नाही. तीच गोष्ट उष्णतेने चालणाऱ्या शोधकांची. साधारणतः ५७ अंशांना जागे होणारा शोधक तापलेल्या पत्र्याच्या छताखाली लावला तर आगीवाचूनच बोंब मारेल. दोन-चार वेळा असे झाले की कोणीतरी तार काढून ठेवतो.

काढलेली किंवा उंदराने कुरतडलेली तार कशी ओळखायची? यावरची युक्ती इतकी साधी आहे की ती वर्गात करून दाखवता येते. घंटांच्या तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला एक रोध जोडलेला असतो. पॅनेल त्या तारेतून सतत एक बारीकसा प्रवाह सोडत राहते, पण उलट्या दिशेने. प्रत्येक घंटेच्या पोटात एक डायोड असतो, तो उलटा प्रवाह घंटेत शिरू देत नाही. प्रवाह फक्त शेवटच्या रोधातून परत येतो. तो परत येतो आहे तोवर तार शाबूत. तार कुठेही तुटली की प्रवाह थांबतो आणि पॅनेलवर बिघाडाचा पिवळा दिवा लागतो. आग लागली की पॅनेल दिशा पालटते, डायोड वाट देतात आणि सगळ्या घंटा वाजू लागतात. स्पीकरच्या बाबतीत डायोडचे काम संधारित्र करतो. तो एकदिश प्रवाह अडवतो आणि आवाजाचा संकेत जाऊ देतो. एक सेल, दोन एलईडी, एक रोध आणि तार उलटसुलट जोडण्याची सोय एवढ्यात याची प्रतिकृती होते. मात्र पिवळा दिवा लागल्यावर त्याच्याकडे पाहणारे कोणीतरी असावे लागते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, देणे बंधनकारक केले आहे ते याचसाठी.

ज्यांना ऐकू येत नाही

इतके सारे झाल्यावरही एक मोठा वर्ग बाहेरच राहिला होता. नागपुरातही मूकबधिर मुलांची जुनी शाळा आहे. त्या मुलांना सूर काय नि घोषणा काय! मागांच्या खात्यातला कामगार आणि ही मुले यांची अडचण एकच.

झगझगीत क्षणिक उजेड पाडण्याची विद्या १९३० च्या दशकात हॅरॉल्ड एजर्टन यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये विकसित केली. वेगाने फिरणारी यंत्रे स्थिर दिसावीत म्हणून. झेनॉन वायू भरलेल्या काचेच्या नळीत संधारित्रातला साठवलेला भार एकदम सोडायचा, की हजारांश सेकंदाहूनही कमी वेळ टिकणारा प्रखर लखलखाट होतो. छायाचित्रकाराचा फ्लॅश तो हाच. इमारतीत तो आगीच्या इशाऱ्यासाठी सक्तीने आला मात्र १९९० च्या अमेरिकन अपंग कायद्यामुळे आणि त्याखालच्या १९९१ च्या नियमांमुळे. कर्णबधिरांच्या संघटनांनी त्यासाठी दीर्घ लढा दिला होता. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सार्वजनिक इमारतींसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत ऐकू येणाऱ्या इशाऱ्याबरोबर दिसणारा इशाराही आला.

किती प्रखर दिवा हवा? वीस फूट लांब-रुंद खोलीच्या भिंतीवर १५ कॅन्डेलाचा दिवा पुरतो, असे अमेरिकन मानक सांगते. खोली चाळीस फुटांची झाली तर? अंतर दुप्पट, म्हणून प्रखरता चौपट, ६० कॅन्डेला. व्यस्त वर्गाचा नियम मानकाच्या कोष्टकात असा सरळ उतरलेला पाहून आम्हाला गंमत वाटली.

लखलखाटाची एक दुसरी बाजूही आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शनवर 'पोकेमॉन' ही मुलांची चित्रमालिका चालू असताना पडद्यावर लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे बारा वेळा उघडझाप झाला आणि काही शे मुलांना फेफऱ्यासारखे झटके, चक्कर, ओकाऱ्या होऊन रुग्णालयात न्यावे लागले. काही मेंदूंना विशिष्ट वारंवारतेचा लुकलुकाट सोसत नाही. म्हणून आगीचा स्ट्रोब सेकंदाला एक-दोनदाच चमकतो. आता एकाच सभागृहात असे सहा दिवे लावले आणि प्रत्येक आपल्या लयीत चमकू लागला तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत सेकंदाला दहा-बारा लखलखाट जातील. प्रत्येक दिवा सुरक्षित असूनही सगळे मिळून धोक्याचे. त्यासाठी दिवे एकाच क्षणी चमकतील असे एका तालात बांधावे लागतात. जुन्या इमारतीत दोन वेगवेगळ्या कंत्राटदारांनी दिवे बसवलेले असतील तर हे हमखास राहून जाते.

जे जागे नाहीत

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नागपूरपासून साठेक किलोमीटरवरच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचवता आली, १० गेली. धूर निघत असल्याचे पहिल्यांदा लक्षात आले ते एका परिचारिकेच्या. तान्ह्या बाळाला कुठलीच घोषणा कळत नाही. तेथे इशारा हवा तो उचलून नेणाऱ्या हातांना, आणि तो धूर डोळ्यांना दिसण्याच्या पुष्कळ आधी. अतिदक्षता विभागात कर्णकर्कश भोंगा वाजवून भागत नाही, रुग्णांना त्याचाच त्रास. म्हणून रुग्णालयात परिचारिकांच्या मेजाजवळ मंद सूर, दिवा आणि सांकेतिक घोषणा अशी वेगळी व्यवस्था असते. तिचा सगळा भार तेथे पुरेशी माणसे हजर असण्यावर असतो.

झोपलेल्या माणसांचा प्रश्न शाळेपर्यंतही येतो. विदर्भात आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत, जेथे मुले रात्री एका दालनात झोपतात. मानक म्हणते की झोपणाऱ्याच्या उशाशी ७५ डेसिबल आवाज हवा. तेवढ्याने मुले उठतात का? ऑस्ट्रेलियातल्या डोरोथी ब्रुक यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हे तपासले. घरातल्या धूरसूचकाच्या नेहमीच्या आवाजाने मोठी माणसे बहुधा जागी होतात, लहान मुले मात्र मोठ्या संख्येने झोपूनच राहतात, असे त्यांना आढळले. वाढत्या वयाच्या मुलांची गाढ झोप मोठ्यांपेक्षा फार खोल असते. तीव्र स्ट्रोबही, अगदी ११० किंवा १७७ कॅन्डेलाचा, मिटल्या पापण्यांतून प्रत्येकाला उठवीलच असे नाही. कर्णबधिरांसाठी उशीखाली थरथरणारी चकती ठेवतात, ती अधिक उपयोगी पडते.

दोष आवाजाच्या पातळीत नव्हता, स्वरात होता. साध्या धूरसूचकाचा आवाज सुमारे ३१०० हर्ट्झचा, किंचाळल्यासारखा. ब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२० हर्ट्झचा, वरच्या अनेक स्वरांशांनी भरलेला जाडसर सूर वापरून पाहिला तेव्हा मुले, वयस्क आणि कमी ऐकू येणारी माणसे यांत जागे होणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी वाढले. अमेरिकन मानकाने २०१४ पासून झोपण्याच्या खोल्यांत असा सूर आवश्यक केला. आपल्याकडे वसतिगृहासाठी यंत्रणा मागवताना दरपत्रकात ही एक ओळ घालता येते. फारसा खर्च वाढत नाही.

शाळेत पेटी असेल तर हा सूर ऐकता येईल. पांढरी एकचा तार सप्तकातला षड्ज सुमारे ५२३ हर्ट्झ असतो, आणि पेटीच्या पत्तीचा आवाजही असाच अनेक स्वरांशांनी भरलेला असतो. ३१०० हर्ट्झचा सूर मात्र पेटीच्या शेवटच्या पट्टीच्याही कितीतरी पुढे जातो, तो तिच्यावर सापडणार नाही.